अमावास्येचा निरोप

१

टेकडीखालच्या वस्तीतला एकूण एक दिवा शुक्रवारी संध्याकाळी बंद झाला आणि त्या काळोखात शाळेतल्या भूगोलाच्या बाई रस्त्याच्या पायऱ्यांवरून कोसळल्या. नडगीचं हाड मोडलं. दिवे काही बिघाडामुळे गेले नव्हते. लोकांनी आपल्याच हातांनी घालवले होते, फोनवर फिरणाऱ्या एका निरोपावर विश्वास ठेवून.

अमावास्येच्या संध्याकाळी शेपटीचा तारा पृथ्वीला घासून जाणार. त्याचे विषारी किरण उजेड दिसेल तिकडे खेचले जाणार. वर बघेल त्याची नजर कायमची जाणार. घरातले दिवे बंद ठेवा, पुढे पाठवा, आपल्या माणसांना वाचवा.

वर्तमानपत्रात ‘खरं की खोटं’ हे सदर चालवणाऱ्या बाईंनी शुक्रवारच्या अंकातच या निरोपाची वासलात लावली होती. असा तारा येणार नव्हता, आणि किरण काही दिवा बघून वळत नाहीत. पण अंक दारात पडेपर्यंत निरोप घराघरात मुरला होता. या बाईंना ऑफिसात सगळे शहानिशाबाई म्हणत. नाव चेष्टेत पडलं होतं, पण त्या फोनवरही स्वतःचं तेच नाव सांगायला लागल्यावर चेष्टेतली मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं.

सोमवारी त्यांच्या टेबलासमोर एक बाई येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना.

“तुम्ही खोटं पकडता ना, बाई? मग ते खोटं सोडलं कुणी, तेही पकडा. आमच्या ह्यांच्या माथी मारलंय सगळं.”

तिचा नवरा वस्तीचा वायरमन होता. शुक्रवारी घराघरातले दिवे गेले तरी रस्त्यावरचे जळत होते, म्हणून भेदरलेला घोळका त्याच्याकडे गेला. बायका रडत होत्या, एका म्हाताऱ्यानं तर पाय धरले. शेवटी त्यानं बटणांची पेटी उघडून रस्त्यावरचे दिवेही घालवले. आता कचेरीतल्या साहेबांचं म्हणणं, पेटीची किल्ली याच्याकडे, जादा कामाबद्दल कुरकुर करायचा हा, तेव्हा फुकटची सुटी मिळावी म्हणून निरोपही यानंच सोडला. त्याला घरी बसवलं होतं. गुरुवारी चौकशी, आणि नोकरी जाणार हे धरूनच चाललं होतं.

“त्यांनी दिवे घालवले हे खरं ना?” शहानिशाबाईंनी विचारलं.

“खरं. ते नाही कुठं म्हणतायत? पण निरोप त्यांचा नाही. त्यांना धड टाइप करता येत नाही हो. मला ‘येतो’ म्हणायचं तर नुसता अंगठा पाठवतात.” ती पहिल्यांदाच जराशी हसली, आणि लगेच तिचे डोळे भरले. “आणि त्या बाई पडल्या ना, त्यांना पाठीवर घालून दवाखान्यात कुणी नेलं, विचारा की साहेबांना.”

२

अफवा कुठून आली हे शोधायचं तर पहिला प्रश्न एकच: ती खरी मानली गेल्यानं कुणाचं भलं झालं?

या हिशेबानं सगळ्यात आधी नजरेत भरत होता तो वस्तीच्या तोंडाशी बसणारा बॅटरीवाला. इन्व्हर्टर, टॉर्च, चार्जिंगचे दिवे विकणारा माणूस. गुरुवारी-शुक्रवारी त्याचं दुकान धुऊन निघालं होतं.

“धंदा झाला, नाही कशाला म्हणू?” तो एका बॅटरीत पाणी ओतत म्हणाला. “पण बाई, डोकं चालवा. दिवे लावू नका असा निरोप सोडून दिवे कोण विकेल? लोकांनी घेतले ते घाबरून. आता रोज परत करायला येतायत. कालपासून मी दुकानदार कमी आणि समजूत काढणारा जास्त झालोय.”

“तुम्ही शुक्रवारी दिवा बंद केला होतात?”

“मी? छे! माझी पांढरी पाटी चालू होती. सगळी वस्ती काळी ठिक्कर आणि माझंच दुकान लग्नघरासारखं. मग आली एक बाई. दुकानात पाटीचा उजेड, बाहेर काळोख, मला तिचा चेहरा काही दिसला नाही. म्हणाली, दादा, एवढी एक पाटी घालवा, एकच तास.”

“घाबरली होती?”

बॅटरीवाल्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. “तेच तर. त्या दिवशी माझ्याशी जो तो किंचाळत होता. अहो काका मरायचंय का, अमुक तमुक. ही मात्र अगदी गोड बोलली. आणि काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, एवढी पाटी गेली की स्वच्छ दिसेल.”

“स्वच्छ दिसेल?”

“हो. मीही चक्रावलो. दिवा गेल्यावर दिसेल काय, कप्पाळ? पण घालवली पाटी. एवढं अजीजीनं कुणी मागितलं तर नाही म्हणवत नाही. आणि जरा वेळानं पायऱ्यांकडून ओरडणं ऐकू आलं. त्या भूगोलाच्या बाईंचं.”

३

दिवे गेल्यावर स्वच्छ दिसणारी एकच जागा असते. शहानिशाबाई थेट दुर्बीणमास्तरांकडे गेल्या.

मास्तर चित्रकलेचे, आता निवृत्त. गावातल्या आकाश बघणाऱ्या हौशी मंडळाचे ते सर्वेसर्वा. रस्त्यावरच्या झगमगाटाविरुद्ध त्यांनी इतके अर्ज केले होते की ते जिन्यात दिसले की कचेरीतला कारकून चहाला जायचा.

“मला काळोख हवाय हे शेंबडं पोरही सांगेल,” मास्तर तडकून म्हणाले. “म्हणून मी वर बघू नका असं लिहीन? आयुष्यभर लोकांच्या माना धरून वर वळवल्या मी! आता मुलं विचारतात, सर, बघितलं तर डोळे जातील का? एका निरोपानं माझी कित्येक वर्षांची मेहनत मातीत घातली. आणि शुक्रवारी मी इथे नव्हतोच. आम्ही सगळे पठारावर होतो. काळोख हवा तर माणूस पठारावर जातो, शेजाऱ्याचे दिवे घालवत नाही.”

शहानिशाबाई उठता उठता थांबल्या. “पठारावर जाताच येत नसेल त्यानं काय करायचं?”

मास्तरांचा राग जरा निवला. “त्यानं... त्यानं मन मारायचं. दुसरं काय? पण एक सांगतो. निरोप रचणाऱ्याला आकाश कळतं. अफवा उठवणारे लोक ग्रहण पकडतात, नाहीतर पौर्णिमा. यानं अमावास्या निवडली, आणि वेळही अंधार पूर्ण पडल्यानंतरची. मीही तीच निवडली असती.”

शहानिशाबाई दुपारी घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीत बसून फोनवर बोट फिरवत होत्या. आलेला निरोप त्यांच्या हातून पुढे गेला नाही असं कधी झालं नव्हतं. घरात एक खोटं पकडणारी आणि एक खोटं पोचवणारी, असं नवरा म्हणायचा आणि दोघींकडून ऐकून घ्यायचा.

“आई, तो ताऱ्याचा निरोप तुम्हाला पहिल्यांदा कधी आला?”

“तू रागावणार आहेस का?”

“नाही हो. उलट आज तुमची मदत हवीय.”

सासूबाई खुलल्या. फोनमधलं त्या काही काढून टाकत नसत. निरोप त्यांना आठ जणांकडून आला होता, आणि दर वेळी थोडा वेगळा. शेवटच्या निरोपात किरण होते, विष होतं, नजर जाणार होती. त्याच्या आधीच्या निरोपात विष नव्हतं. शहानिशाबाई मागे मागे जात राहिल्या. भाषा शुद्ध होत गेली, भीती उतरत गेली. सगळ्यात जुना निरोप सासूबाईंच्या नणंदेनं पाठवलेला होता. तिला तो नातवाच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवर मिळाला होता, कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या नंबरावरून.

“अमावास्येच्या संध्याकाळी एक शेपटीचा तारा जवळून जाणार आहे. त्या वेळी घरातले दिवे जळत राहणं धोक्याचं आहे, ते बंद ठेवावेत. दवाखान्यातले दिवे चालू राहू द्यावेत. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वेळ लागतो, तोवर जागचं हलू नये. म्हाताऱ्या माणसांचा हात धरावा.”

वर बघू नका, हे त्यात कुठेच नव्हतं.

“अगंबाई,” सासूबाई म्हणाल्या, “हा तर किती काळजीनं लिहिलाय गं.”

४

त्याच संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या तेव्हा भूगोलाच्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. पायाला प्लास्टर, आणि हातात विद्यार्थ्यांच्या वह्या. शनिवारी ऑपरेशन झालं होतं, कालपर्यंत गुंगीच होती; आजपासून त्या भेटणाऱ्यांशी बोलू लागल्या होत्या. पन्नाशीच्या, सावळ्या, हसऱ्या. शहानिशाबाईंना बघून त्या बिचकल्या नाहीत.

“तुमचं सदर मी वर्गात वाचून दाखवते,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारचंही दाखवलं.”

“म्हणजे निरोप खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं.”

“हो की.”

“रस्त्यावरचे दिवे गेल्यावर सगळी वस्ती दारं लावून बसली होती. बाहेर म्हणून वायरमन आणि तुम्ही, दोघंच. म्हणून विचारते, पडलात कशा?”

“अहो, वेंधळेपणा, दुसरं काय? पायाखालची पायरी, रोजची. पण मी वर बघत चालले होते. इतकं भरगच्च आकाश या वस्तीवर मी कधी...” त्या थांबल्या. वहीचं पान उलटलं. “डोळे सरावले नव्हते अजून. उजेडातून आले होते ना.”

शहानिशाबाईंना बॅटरीवाल्याची पाटी आठवली. सगळी वस्ती काळोखात असताना उजेडातून येता येईल अशी एकच जागा होती.

निघताना भूगोलाच्या बाईंनी त्यांचा हात धरला. “एक काम कराल? घरी माझे वडील एकटे आहेत. शेजारच्या वहिनी डबा देतात, पण ते काळजी करत असणार. मी मजेत आहे म्हणून सांगाल का? आणि त्या वायरमनदादांची काही खबर? त्यांचे आभारही मानले नाहीत मी. शुद्ध कुठे होती मला!”

वायरमनच्या निलंबनाचं त्यांच्या कानावर कुणी घातलंच नव्हतं.

शहानिशाबाईंच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. आधी घर बघायला हवं होतं.

५

घर वस्तीच्या वरच्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पांढरा रंग ओढलेला, आणि भिंतीच्या बाजूनं जाडजूड दोर बांधलेला. दोराच्या गाठी सुबक होत्या. जहाजावरच्या माणसाशिवाय अशा कुणी मारल्या नसत्या.

दार उघडणाऱ्या म्हाताऱ्याला शेजारीपाजारी कप्तान म्हणत. ते कप्तान कधीच नव्हते. मालवाहू जहाजावर सुकाणू धरायचे. पण नाव चिकटलं होतं आणि ते काढायला कुणाला सवड नव्हती.

“लेक बरी आहे म्हणता? मग चहा झालाच पाहिजे,” ते म्हणाले. किटली, कप, साखर, हाताला सगळं बरोबर सापडत होतं. मान मात्र जरा तिरकी धरून बघायचे. “डोळ्यांच्या नसा सुकल्यायत. त्यात वर पडदा धरलाय. डॉक्टर म्हणतात, पडदा काढूनही फार हाती लागायचं नाही. उन्हाळ्यापर्यंत जे दिसेल ते आपलं.”

“संध्याकाळी काही दिसतं?”

“समोर एक जरी दिवा असला ना, तरी त्याचा उजेड असा फाकतो की सगळं पांढरं. या गॅलरीतून तर नुसता धूर दिसतो, उजेडाचा धूर.” त्यांनी कप पुढे केला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “पण शुक्रवारी वस्तीतले दिवे गेले होते. मोठा बिघाड झाला म्हणे. लेकीनं मला आधीच इथे खुर्चीत आणून बसवलं होतं. म्हणाली, अण्णा, डोळे मिटून बसा, सरावू देत. खाली एकच पाटी जळत होती. ती म्हणाली, आलेच हं, आणि गेली. जरा वेळानं पाटीही गेली. मी डोळे उघडले.”

शहानिशाबाईंनी कप खाली ठेवला.

“ब्रह्महृदय दिसला, बाई! मग रोहिणी. कृत्तिका, अगदी पुंजका म्हणून, पण दिसल्या. ध्रुव दिसला. मी सगळ्यांना नावानं हाका मारल्या. माझ्या लेकीला दाखवायचं होतं, पण ती...” त्यांचा आवाज खाली आला. “ती तेवढ्यात पडली होती. मी इथे हसत होतो आणि ती तिकडे पडली होती.”

त्यांनी किटली जागेवर ठेवली. मग म्हणाले, “त्या लाइटवाल्यांना कुणी शिव्या घालत असतील तर त्यांना सांगा, एक म्हातारा तुम्हाला रोज दुवा देतो म्हणावं.”

६

बुधवारी दुपारी शहानिशाबाईंनी दवाखान्यात खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“बाई, मी जे जोडलंय ते सांगते. चुकलं तर थांबवा.”

भूगोलाच्या बाईंनी वही मिटली.

“ज्याला काळोख हवा होता त्याला पठारावर जाता येत नव्हतं. त्याला अमावास्या कळत होती. त्यानं वर बघू नका असं लिहिलं नव्हतं, ते पुढच्यांनी घुसडलं. त्याच्या घरात कुणीतरी पायरी चाचपत चालणारं होतं, म्हणून खोटं सांगतानाही त्यानं म्हाताऱ्यांचा हात धरायला सांगितलं. निरोप तुमच्याच शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आला. आणि सगळी वस्ती घाबरून आत बसली असताना एकच बाई बेधडक बाहेर पडली, बॅटरीवाल्याकडे गेली आणि वर बघत परत फिरली. कारण वर भिण्यासारखं काही नाही हे तिला पक्कं माहीत होतं. निरोप तिचाच होता.”

मिटलेली वही उशीखाली सरकली.

“अण्णांच्या जुन्या फोनवरून पाठवला,” भूगोलाच्या बाई म्हणाल्या. “तो नंबर ग्रुपमध्ये मीच घातला होता. त्यांना गाडीचा प्रवास सोसत नाही, चढ तर नाहीच. मी आधी सरळ विचारलं होतं हो. समोरच्या दहा-बारा घरी गेले, एक तास दिवे घालवाल का म्हणून. कुणी हसलं, कुणी म्हणालं, मालिका असते. मग वाटलं, निदान समोरच्या खिडक्या तरी... रस्त्यावरचे दिवेसुद्धा जातील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. शुक्रवारी सकाळी त्याच निरोपात विष आणि किरण आलेले बघितले. तुमचं सदर मी तिन्ही वर्गांत वाचलं. पण मी लिहिलंय, हे तोंडातून निघालं नाही.”

“वायरमनला घरी बसवलंय. निरोप त्यानंच सोडला म्हणतात. उद्या चौकशी आहे.”

भूगोलाच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. “आणि हे मला आज सांगताय?”

“परवाच सांगायला हवं होतं. तुम्हीच का, याची खात्री करून घेत होते.”

“मला उचलून नेताना ते म्हणत होते, ताई, धीर धरा, माझीच चूक, मी दिवे घालवले. तेवढं आठवतंय मला.” त्यांनी पांघरूण बाजूला केलं, पाय हलवायला गेल्या आणि कळवळल्या. “मला उद्या तिथे न्या. स्ट्रेचरवर न्या, हवं तर पोत्यात घालून न्या.”

“अण्णांना कळेल.”

“कळू दे. मी सांगेन त्यांना. आजच सांगते. फोन लावून द्या.”

शहानिशाबाईंनी नंबर लावून दिला आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. दार लोटलेलं होतं. आतून बराच वेळ एकच आवाज येत होता, मग तोही थांबला. आत गेल्या तेव्हा भूगोलाच्या बाई डोळे पुसत होत्या.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, माझ्यासाठी लोकांना भ्यायला लावलंस, हे मला अजिबात आवडलं नाही. मग म्हणाले, उद्या मलाही घेऊन चल.”

७

चौकशीची खोली लहान होती. चाकाच्या खुर्चीची पाय ठेवायची पट्टी टेबलाला अडत होती, म्हणून साहेबांनाच खुर्ची मागे घ्यावी लागली. भूगोलाच्या बाईंनी सगळं सांगितलं. निरोप कसा लिहिला, कुठे टाकला, लोक कसे भ्याले. सबब एकही दिली नाही; डोळ्यांची गोष्टही शहानिशाबाईंनी विचारल्यावरच सांगितली. जुना फोन त्यांनी टेबलावर ठेवला. दुर्बीणमास्तर आणि बॅटरीवाला साक्षीला आले होते. एवढा वेळ मास्तरांनी खिडकीबाहेर बघत नाक तीनदा शिंकरलं.

साहेबांनी जुना फोन उघडून निरोप वाचला. निरोपाचा आळ वायरमनवरून निघाला. आपल्या मनानं दिवे घालवले म्हणून समज देऊन त्याला त्याच दिवशी कामावर घेतलं. भूगोलाच्या बाईंना शाळेनं महिनाभर बिनपगारी घरी बसवलं आणि पालकांसमोर उभं राहून सगळं सांगायला लावलं. त्यांनी ते कुबड्यांवर उभं राहून सांगितलं. काही पालक आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. शहानिशाबाईंनी सदरात निरोपापुढे ‘खोटं’ असंच छापलं, आणि त्याखाली तो का जन्मला तेही, बाईंच्या परवानगीनं. गावातल्या ज्या घरांनी ते वाचलं त्यातल्या कितीतरी घरांनी कप्तानांच्या दारी येऊन विचारलं, काका, पुन्हा कधी दिवे घालवायचे ते सांगा, आता खोटं बोलायची गरज नाही.

पण ते नंतरचं. गुरुवारी चौकशी संपल्यावर वायरमन व्हरांड्यात भूगोलाच्या बाईंसमोर उभा राहिला. बायको त्याची बाही धरून होती.

“ताई, मला राग आलाय,” तो म्हणाला. “खोटं कशाला सांगू? घरात चार दिवस चूल धड पेटली नाही.”

“यायलाच हवा, दादा. मी माफी मागते. आणि मला उचलून नेलंत त्याचे...”

“ते राहू दे हो. मला येऊन विचारायचं होतंत एकदा. मी साहेबांकडून रीतसर परवानगी काढून आणली असती. माझा बाप मोतीबिंदूनं गेली सहा वर्षं भिंत धरून चालतोय. मला नसतं कळलं?”

भूगोलाच्या बाईंनी हात जोडले. तेवढ्यात कप्तान दुर्बीणमास्तरांचा खांदा धरून पुढे आले आणि आवाजाच्या रोखानं हात केला. “लाइटवाले कुठे आहेत? तुम्हीच का?”

“मीच, काका.”

त्यांनी वायरमनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “माझ्या लेकीनं तुमचा घात केला. तो मी तिच्याकडून भरून घेईन, बाप आहे मी. पण आकाश तुमच्या हातानं दिसलं मला. तुमचे आभार मानायचेत.”

“आभार कसले काका, बटण तर खाली केलं.”

“आणि रोज संध्याकाळी वर कोण करतं?”

“मीच.”

“त्याबद्दल कधी कुणी धन्यवाद म्हटलंय?”

वायरमन विचारात पडला. अगदी मनापासून आठवून बघितलं त्यानं. “नाही बुवा. असं कुणी म्हणत नाही.”

“मग दोन्हीचे एकदम घ्या,” कप्तान म्हणाले आणि त्यांनी तो हात कपाळाला लावला.